जीपमध्ये हवेची टाकी बसवायची आहे: किती मोठी, कुठे आणि कशी?

सड्यावरची बाग (प्रश्नकर्ता)

नमस्कार. राजापूर तालुक्यात सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, आमची आंबा-काजूची बाग आहे. डांबरी रस्ता संपल्यानंतरची वाट उघड्या कातळावरून आणि जुन्या चिरेखाणीच्या कडेने जाते आणि पावसाळ्यात तिच्यावरची तांबडी माती फार निसरडी होते. टायरमधील हवा 32 पीएसआयवरून 16 पर्यंत उतरवली की गाडी व्यवस्थित चढते. मात्र परतताना डांबरी रस्त्याला लागण्यापूर्वी ती पुन्हा भरावी लागते आणि तिथे जवळपास पंक्चरवाला नाही. लायटरच्या सॉकेटवर चालणारा छोटा पंप दुसऱ्या टायरपर्यंत तापून बंद पडतो. म्हणून 10 लिटरची टाकी गावातून 8 बारपर्यंत भरून सोबत न्यावी, असा विचार आहे. काही परिचित मंडळी कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर सुचवतात. टायर 245/75 आर 16 मापाचे आहेत. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

पाना-पक्कड, चिपळूण

टाकी विकत घेण्यापूर्वी थोडे गणित करावे, कारण या बाबतीत नुसत्या अंदाजाने हमखास फसगत होते. आपल्या मापाच्या टायरमध्ये साधारण 65 लिटरची पोकळी असते. दाब 16 पीएसआयने, म्हणजे सुमारे 1.1 बारने वाढवायचा, तर एका टायरला बाहेरची 70 लिटर आणि चार टायरना 280 लिटर हवा लागेल. आता 10 लिटरची टाकी पाहा. ती 8 बारला भरलेली असली, तरी टायरमधील दाब 2.2 बारला पोहोचला आणि टाकीचाही तेवढाच उरला की हवा वाहणे थांबते. म्हणजे तिच्यातून प्रत्यक्षात 58 लिटरच हवा मिळते. एक टायरसुद्धा पुरता भरत नाही. चारही टायर केवळ साठ्यावर भरायचे ठरवले, तर जवळजवळ 50 लिटरची टाकी लागेल, आणि मग मागे आंब्याच्या पेट्या ठेवायला जागा राहणार नाही.

म्हणून खरे काम 12 व्होल्टच्या चांगल्या कॉम्प्रेसरकडे सोपवावे आणि टाकी त्याच्या मदतीला ठेवावी. मिनिटाला 70 लिटर क्षमतेचा कॉम्प्रेसर दाबाविरुद्ध चालताना तेवढी हवा देत नाही, तरी चारही टायर साधारण दहा मिनिटांत भरतो. तो सुमारे 30 अँपिअर प्रवाह ओढत असल्याने लायटरच्या सॉकेटवर मुळीच लावू नये. थेट बॅटरीपासून जाड तांब्याची वायर घ्यावी, बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज बसवावा, मधे रिले (छोट्या बटणाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच) ठेवावा आणि हवा भरताना इंजिन चालू असू द्यावे. टाकीचा खरा उपयोग दिसतो तो टायरचे बीडिंग, म्हणजे रिमवर घट्ट बसणारी कड, रिमवरून सुटते तेव्हा. त्या वेळी हवेचा एकदम मोठा झोत लागतो आणि तो एकटा कॉम्प्रेसर देऊ शकत नाही.

खाडीपलीकडे

वरील हिशोब बरोबर आहे. कार्बन डायऑक्साइडच्या पर्यायाबद्दल थोडे लिहितो, कारण तो आकर्षक वाटतो आणि साठ्याच्या दृष्टीने खरोखरच सरस आहे. हा वायू सिलिंडरमध्ये द्रवरूपात असतो आणि एका किलोपासून साधारण 540 लिटर वायू मिळतो. म्हणजे दोन किलोंत आपले चारही टायर तीनदा भरून निघतील. परंतु 20 अंश तापमानालाच त्याचा दाब सुमारे 57 बार असतो आणि 31 अंशांच्या वर तो द्रव राहूच शकत नाही. मग बंदिस्त जागेत तापमानागणिक दाब झपाट्याने चढतो. मे महिन्यात उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत 50 अंशांच्या वर पारा जाणे आपल्याकडे नवलाचे नाही. साध्या हवेची 8 बारची टाकी तेवढ्याच उन्हात फार तर 9 बारपर्यंत जाते, हा दोहोंतील मोठा फरक आहे.

दुसरा धोका गळतीचा आहे. गाडीच्या आतील तीन-चार घनमीटर जागेत एक किलो वायू सुटला, तर त्याचे प्रमाण दहा टक्क्यांच्या वर जाते आणि माणूस काही मिनिटांत बेशुद्ध पडू शकतो. त्यामुळे हा सिलिंडर फक्त उघड्या हौद्याच्या गाडीत, उभा आणि सावलीत बांधलेला असावा, असे माझे ठाम मत आहे. आडवा ठेवल्यास द्रव थेट रेग्युलेटरमध्ये उतरतो. सिलिंडर पेसो या केंद्रीय संस्थेची मान्यता असलेला, चाचणीची तारीख कोरलेला आणि नेमून दिलेल्या वजनाइतकाच भरलेला हवा. बंद जीपसाठी मी तो सुचवणार नाही.

सड्यावरची बाग (प्रश्नकर्ता)

दोघांचेही मनापासून आभार. गाडी बंद टपाची आहे, तेव्हा कॉम्प्रेसर आणि छोटी टाकी असेच ठरवतो. टाकी चॅसीखाली बसवावी की आत? आणि साधी लोखंडी टाकी आपल्या हवेत कितपत टिकेल?

पाना-पक्कड, चिपळूण

चॅसीखाली बसवू नये. कातळावर दगड लागतात आणि किनाऱ्याजवळची खारी हवा व चिखल मिळून पट्ट्याखालचा पत्रा आपल्या नकळत खातात. मागच्या सीटच्या पाठीमागे, आडवी आणि व्हॉल्व्ह माणसांच्या दिशेला येणार नाही अशी ती ठेवावी. दोन रुंद लोखंडी पट्टे वापरावेत आणि गाडीच्या तळाचा पत्रा पातळ असल्याने बोल्टखाली बाहेरच्या बाजूने तळहाताएवढ्या मापाची जाड पट्टी द्यावी. साध्या वॉशरवर भागवल्यास धडकेच्या वेळी बोल्ट पत्रा फाडून वर येतात. टाकीला वेल्डिंग करणे किंवा भोक पाडणे पूर्णपणे वर्ज्य समजावे. पट्ट्याखालच्या रबरात खारे पाणी साचून राहते, म्हणून पावसाळ्यानंतर पट्टे सोडून ती जागा पुसावी आणि रंगाचा हात द्यावा.

बाहेरच्या गंजापेक्षा आतला अधिक घातक असतो. आपल्याकडे 30 अंश तापमानाच्या दमट हवेत घनमीटरमागे 24 ग्रॅमच्या आसपास बाष्प असते. ती हवा 8 बारला दाबून थंड झाली की त्यातील सुमारे 20 ग्रॅमचे पाणी होऊन टाकीच्या तळाशी बसते. त्यामुळे तळाच्या सर्वांत खालच्या बिंदूवर पाणी सोडण्याची चावी हवीच आणि घरी परतल्यावर ती उघडून टाकी रिकामी करावी. भरलेली टाकी घेऊन रोज हिंडण्याची गरज नाही. ट्रकच्या एअरब्रेकची नवी टाकी या कामाला उत्तम, कारण ती याच दाबासाठी बनते आणि तिला अशी चावी असते. भंगारातली मात्र स्वस्त मिळाली तरी घेऊ नये, कारण आतून ती किती झिजली आहे हे बाहेरून कळत नाही. सोबत सेफ्टी व्हॉल्व्ह आणि ठरावीक दाबाला कॉम्प्रेसर बंद करणारा प्रेशर स्विच, दोन्ही बसवावेत.

खाडीपलीकडे

एक पुरवणी. टाकीच्या झोताने बीडिंग बसवताना नळीला गेज जोडलेला असावा आणि टायरमधील दाब 40 पीएसआयच्या वर जाऊ देऊ नये. तेवढ्यावरही कड बसली नाही, तर हवा सोडून रिमची कड साफ करावी, साबणाचे पाणी लावावे आणि मगच पुन्हा भरावे. भरताना टायरच्या बाजूला वाकून न बसता नळी लांब ठेवून पुढे किंवा मागे उभे राहावे.