मदत हवी आहे: कॅटरिनात चूक नक्की कुणाची?

मंडळी, अमेरिकेतल्या २००५ च्या कॅटरिना वादळावर लिहितेय आणि एका जागी घोडं अडलंय. न्यू ऑर्लिन्सच्या पूरभिंती बांधल्या केंद्राच्या आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्सने (लष्कराच्या अभियंता दलाने), देखभाल मात्र स्थानिक लेव्ही बोर्डांकडे, म्हणजे पूरबांध सांभाळणाऱ्या मंडळांकडे. भिंती फुटल्या, सुमारे ८० टक्के शहर पाण्यात. आता बोट कुणाकडे दाखवायचं?

शहर सोडण्याचा सक्तीचा आदेश महापौरांनी काढला २८ ऑगस्टला, वादळाच्या जेमतेम आदल्या दिवशी. शाळेच्या शेकडो पिवळ्या बसगाड्या तळावरच बुडाल्या! हे स्थानिकांचंच अपयश, असं माझं मत.

पण स्टॅफर्ड कायद्याप्रमाणे (आपत्तीत केंद्राची मदत राज्याला कशी मिळते, ते ठरवणारा कायदा) राज्याच्या गव्हर्नरची मागणी अन् राष्ट्राध्यक्षांची आणीबाणीची घोषणा, दोन्ही २७ लाच झालं होतं. मग फेमाची, म्हणजे केंद्राच्या आपत्ती व्यवस्थापन संस्थेची, मदत रखडली कशी? घोषणेनंतर हुकूम कुणाचा चालतो? लोकप्रशासन शिकलेलं कुणी समजावेल का?