इंडिगोत बिझनेस क्लास आला, मग आता स्वस्त विमान म्हणायचं कशाला?

सोलापुरी_भटक्या:
एकाच जातीचं विमान, एकच क्लास, खाणंपिणं विकत आणि तिकीट स्वस्त, एवढंच होतं ना लो-कॉस्टचं गणित? आता दिल्ली-मुंबईला नोव्हेंबर २०२४ पासून विमानात पुढच्या बाजूला रुंद सीटा, ए३५० या लांब पल्ल्याच्या मोठ्या विमानांची ऑर्डर, मुंबईहून थेट अ‍ॅमस्टरडॅम. यातून कंपनीला काय मिळतं आणि आमच्यासारख्या वर्षातून एखाद वेळेस जाणाऱ्याचं काय होणार? परवा आईसोबतचं तिकीट काढत होतो तर शेजारी बसायचे पण वेगळे पैसे, मनापासून वाईट वाटलं.

विमानवेडा:
भाऊ, आधी खर्च कुठे होतो ते बघा. इंधन, विमानाचं भाडं, मेंटेनन्स, सगळं डॉलरवर चालतं आणि तिकीट विकायचं रुपयात, वर इंधनावर राज्यांचा व्हॅट आहेच. इंडिगो शेकड्याने विमानं मागवून डिस्काउंट मिळवते (२०२३ मध्ये तर एका दमात ५०० ची ऑर्डर दिली), मग बरीचशी विमानं हातात येताच लीजवाल्या (विमानं भाड्याने देणाऱ्या) कंपनीला विकून परत भाड्याने घ्यायची आणि काही वर्षांनी मोठा मेंटेनन्स यायच्या आत परत करायची. म्हणजे विमान कायम नवं, इंधन कमी पितं. अर्ध्या तासात माणसं उतरवून परत उडायचं हे पण त्यातलंच. पण यात आणखी काटकसर करायला आता जागाच उरली नाहीये, म्हणून ऑफिसच्या पैशाने फिरणारा जो माणूस आधी फुल सर्व्हिसवाल्यांकडे (जेवणखाण, बिझनेस क्लास सगळं देणाऱ्या कंपन्यांकडे) जायचा त्याला ओढायचं चाललंय. इंडिगोच्या ए३२१ विमानात १२ सीटा आहेत तशा रुंद, बाकी मागचं सगळं तेच. माझ्या मते हे बरोबर आहे, पण लांबच्या फ्लाइटला अर्ध्या तासाची युक्ती चालत नाही, खरी परीक्षा तिथेच आहे. आणि कामाला माणसं मोजूनमापून ठेवली की काय होतं ते डिसेंबर २०२५ मध्ये दिसलंच, वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम लागले आणि हजारो फ्लाइट रद्द. लोक एअरपोर्टवर जमिनीवर झोपले होते. काटकसर कुठे थांबवायची हे कंपनीला कळायलाच हवं.

डॅलसकर:
इकडे अमेरिकेत पण तेच चाललंय. साउथवेस्ट ही इथली विमान कंपनी म्हणजे या सगळ्या स्वस्तवाल्यांची आजी, दोन बॅगा फुकट आणि आधी येईल तो हवी ती सीट घेईल ही त्यांची ओळख होती. मे २०२५ पासून बॅगेला पैसे, जानेवारी २०२६ पासून सीट नंबर. गुंतवणूकदारांनी मानगूट धरल्यावर दुसरं काय होणार. आणि सगळ्यात स्वस्तवाल्या इथल्या स्पिरिट कंपनीने एका वर्षात दोनदा दिवाळखोरीचा अर्ज केला. मोठ्या कंपन्यांनीच बेसिक नावाचं उघडंबोडकं तिकीट काढलं ना, मग स्पिरिटकडे कशाला कोण जाईल? नुसतं स्वस्त असून आता भागत नाही हो.

नाशिकची_मीनल:
दादा, सीटचं सांगते. १२ वर्षांखालच्या मुलाला आई किंवा वडलांशेजारी बसवायचंच असा डीजीसीएचा (विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याचा) नियम आहे, पण तो लहान मुलांपुरताच, म्हाताऱ्या आईचा त्यात उल्लेख नाही, आणि हे मला पण पटत नाही. वेब चेक-इन सुरू झाल्या झाल्या बघा, फुकटवाल्या सीटा तेव्हा शेजारी शेजारी मिळू शकतात. मिळाल्या नाहीत तर काउंटरवर लवकर जाऊन सरळ विनंती करा. आणि आईंना चालायचा त्रास असेल तर व्हीलचेअर तिकीट काढतानाच नोंदवा, आयत्या वेळेला फार थांबवतात.