युरोच्या स्वागताची टपाल तिकिटे: स्मारक की सरकारी जाहिरात?

जुनापेटारा (मूळ लेखन):
१ जानेवारी १९९९ रोजी युरोपातील ११ देशांनी युरो हे चलन केवळ हिशेबापुरते स्वीकारले आणि १ जानेवारी २००२ पासून त्याच्या नोटा व नाणी १२ देशांत प्रत्यक्ष वापरात आली. या निमित्ताने अनेक देशांनी विशेष टपाल तिकिटे काढली. संग्राहकांना त्यांचे मोठे अप्रूप असले, तरी माझ्या मते ती निव्वळ सरकारी जाहिरात आहे. जर्मनीत मार्क हे जुने चलन सोडावे की नाही, यावर सार्वमत घेतले गेले नाही. ज्या निर्णयाबद्दल लोकांना विचारले नाही, त्याचा गौरव मात्र त्यांच्याच पाकिटांवर त्यांच्याच खर्चाने चिकटवण्यात आला. स्थित्यंतराची खरी साक्ष मधल्या काळातील दुहेरी मूल्याची रोजच्या वापरातील तिकिटे देतात. जर्मन तिकिटावर ११० फेनिग (मार्कचा शंभरावा भाग) आणि ०.५६ युरो, इटालियन तिकिटावर ८०० लिरा आणि ०.४१ युरो, असे जुने-नवे आकडे शेजारी शेजारी दिसतात. असले अडनिडे आकडे कोणी हौसेने छापत नाही.

अर्थाअर्थी:
आपली विभागणीच मुळात टिकणारी नाही. फ्रान्सने १९९९ मध्ये खास युरोसाठी काढलेल्या तिकिटावरही ३ फ्रँक आणि ०.४६ युरो अशी दोन्ही मूल्ये होती. मग ते जाहिरातीत घालायचे की साक्षीत? शिवाय एक युरो म्हणजे ६.५५९५७ फ्रँक, हा दर कोणाला तोंडी गुणता येणार होता? नाणी हाती पडायला अजून तीन वर्षे होती. तोपर्यंत ज्या मोजक्या छापील वस्तूंमुळे सामान्य माणसाच्या नजरेला हे नवे मूल्य सरावले, त्यांत तिकीट होते. लोकांना माहिती देणे हे सरकारचे कामच आहे, त्याला जाहिरात म्हणून हिणवण्याचे कारण नाही.

मांडवीकर:
मी मूळ लेखकाच्या बाजूने आहे आणि उदाहरण गोव्याचे देतो. १९५९ मध्ये पोर्तुगीज राजवटीने येथील रुपया बंद करून ६ एस्कुदोंना एक रुपया या दराने एस्कुदो आणला. जुन्या तिकिटांवर नवी मूल्ये ठोकण्यात आली आणि वर्षअखेरीस पोर्तुगीज भारतातील जुन्या नाण्यांची चित्रे असलेली देखणी मालिका निघाली. (देखणी होती, हे नाकारत नाही.) नवे चलन लादायचे आणि चित्रे मात्र जुन्या वैभवाची दाखवायची, यात माहिती कोणती आणि मिरवणे किती, हे वाचकांनीच ठरवावे. डिसेंबर १९६१ नंतर तो एस्कुदोही गेला.

राईनकाठ:
मांडवीकर यांची तुलना मला पटत नाही. वसाहतीवर लादलेले चलन आणि निवडून आलेल्या सरकारांनी करार करून आणलेले चलन यांना एकाच मापाने मोजता येणार नाही. डेन्मार्कच्या मतदारांनी २००० मध्ये आणि स्वीडनच्या मतदारांनी २००३ मध्ये युरो नाकारला, तेव्हा त्या देशांत क्रोन आणि क्रोना कायम राहिले. दुसरे असे की, युरोच्या नोटांवरील पूल आणि कमानी मुद्दाम काल्पनिक ठेवल्या होत्या, म्हणजे कोणत्याही देशाला आपले डावलले असे वाटू नये. नोटेला जे जमणार नव्हते, ते तिकिटाला सहज जमले: सामायिक चलनाचे स्वागत प्रत्येक देशाने स्वतःच्या नावाने केले.

जुनापेटारा:
अर्थाअर्थी यांना उत्तर: फ्रान्सच्या त्या तिकिटाने जे काम केले, ते त्यावरच्या दोन आकड्यांनी केले, ते आकडे नेहमीच्या तिकिटावर असते, तरी तेवढेच काम झाले असते. २००२ मध्ये तर नाणी प्रत्येकाच्या खिशात खुळखुळत होती, त्या वेळी निघालेल्या विशेष तिकिटांनी कोणाला काय नवे शिकवले? तिकीट म्हणजे आगाऊ भरलेले पैसे, त्यामुळे चलन बदलताना टपाल खाते त्या पैशांचे काय करते, हे मला चित्रापेक्षा महत्त्वाचे वाटते. नुसत्या फेनिगमधील जर्मन तिकिटे ३० जून २००२ नंतर पत्रावर चालेनाशी झाली. फ्रान्समध्ये मात्र नव्या (म्हणजे १९६० पासूनच्या) फ्रँकमधील तिकिटे युरोत हिशेब करून आजही लावता येतात.

अर्थाअर्थी:
हा मुद्दा मोलाचा आहे, पण तो टपाल खात्याच्या नियमांचा झाला. विशेष तिकीट काढावे की काढू नये, याचा निकाल त्यातून लागत नाही.