शब्दचर्चा: हँडलर काय 'पकडतो', चल की किंमत?

प्रश्न: लूपमध्ये ५ बटणांना क्लिक हँडलर (क्लिक झाल्यावर चालणारं फंक्शन) जोडले. प्रत्येकाने क्लिप्सच्या ॲरेतली (यादीतली) आपल्या क्रमांकाची ॲनिमेशन क्लिप चालवायची. आय हा चल (व्हेरिएबल) ० ते ४ जातो, पण कुठलंही बटण दाबलं तरी ५ मिळतात. 'हँडलर आय पकडून ठेवतो' असं सगळीकडे म्हणतात. पकडलेला आकडा बदलतो कसा?

प्रतिसाद: घोळ 'पकडणे'च्या कर्मात आहे. हँडलर चल पकडतो, किंमत नाही. जावास्क्रिप्टमध्ये 'व्हार'ने घोषित केलेला चल अख्ख्या फंक्शनात एकच. फेऱ्या ५, आय एक, आणि पाचही हँडलर त्याच्याकडेच बघतात. क्लिक होईपर्यंत लूप केव्हाच संपलेलं असतं. ४ का नाही? आय ५ झाल्यावरच 'आय ५ पेक्षा लहान' ही अट खोटी ठरते आणि लूप थांबतं. मग क्लिप्सच्या ॲरेत ५ क्रमांकावर काहीच नसल्याने 'अनडिफाइन्ड' येतं नि ॲनिमेशन हलत नाही.

'व्हार'ऐवजी 'लेट' लिहा. २०१५ च्या एक्मास्क्रिप्टपासून (जावास्क्रिप्टचं प्रमाण) 'लेट'मुळे फॉर लूपच्या दर फेरीला नवा चल मिळतो. लूपच्या आत 'व्हार क्रमांक = आय' लिहून भागत नाही. तोही फंक्शनभर एकच. फक्त ५ ऐवजी ४ दिसू लागतात आणि माणूस आणखी चक्रावतो.

प्रतिसाद: ॲक्शनस्क्रिप्ट ३ मध्ये (फ्लॅशची भाषा) 'लेट' नाही. तिथे आकडा मूव्हीक्लिपवरच (फ्लॅशमधली ॲनिमेशनची वस्तू) ठेवा: क्लिप.क्रमांक = आय. हँडलरमध्ये इव्हेंट.करंटटार्गेट.क्रमांक वाचा. नुसतं टार्गेट नको, क्लिपच्या आत दुसरी क्लिप असेल तर तीच हाती येते. स्प्राइट (टाइमलाइन नसलेली साधी वस्तू) डायनॅमिक नसतो, म्हणजे त्याला असा नवा गुणधर्म चिकटवता येत नाही. तिथे डिक्शनरी (वस्तू आणि तिचा आकडा यांची जोडी ठेवणारी यादी) वापरा. शिवाय या पद्धतीत सगळ्यांना मिळून नाव असलेलं एकच फंक्शन पुरतं, त्यामुळे हँडलर काढणारं रिमूव्हइव्हेंटलिसनर चालतं. निनावी फंक्शन जोडलं असेल, तर काढताना हुबेहूब तसंच दुसरं लिहून उपयोग नाही.

प्रश्न: मग अशा चल पकडून ठेवणाऱ्या फंक्शनला, म्हणजे क्लोजरला, 'बंदिस्त फंक्शन' म्हणावं का?

प्रतिसाद: नको, त्यातून किंमत कुलूपबंद झाल्यासारखं वाटतं. 'क्लोजर'च बरा. 'गोठवणे' मात्र राखून ठेवा: आय आर्ग्युमेंट (फंक्शनला पुरवलेली किंमत) म्हणून दिला की त्या क्षणाची किंमत खरंच गोठते. हँडलर तयार करून परत देणारं वेगळं फंक्शन लिहा आणि लूपमधून त्याला आय द्या. सेटटाइमआउटला (ठरावीक वेळाने फंक्शन चालवणारं) तर विलंबाच्या लगेच पुढचं, म्हणजे तिसरं, आर्ग्युमेंट म्हणून आय दिला तरी पुरे. आकड्याऐवजी ऑब्जेक्ट दिलात तर गोठतो तो फक्त संदर्भ. आतले गुणधर्म बदलतच राहतात.