विषय: रविवारी बुरूडकाका कुठे बसणार?? (अर्जंट)

नमस्कार मंडळी,
रविवारच्या आपल्या कारागिरांच्या प्रदर्शनाबद्दल हॉलवाल्यांचा आत्ताच फोन आला, जमिनीवर कोणी बसायचं नाही म्हणतायत. सगळ्यांना टेबल-खुर्ची, पॅसेज मोकळा, ओलं काही नको, फरशीला डाग पडला तर डिपॉझिट कापणार. डहाणूच्या वारली ताईंचं ठीक आहे, त्या टेबलावर कागद लावून काढतील. पण वाडा गावच्या बुरूडकाकांना मी स्वतः जाऊन सांगून आलेय की सूप विणून दाखवायचं. आज रात्री स्टॉलचा नकाशा द्यायचाय, पटापट सुचवा.
– सेक्रेटरी

ताई, टेबलावर सामान, खुर्चीवर काका, दोन तासांचा तर प्रश्न आहे. मागच्या वेळी कंदीलवाल्यांचा डिंक सांडला तेव्हाचे ५ हजार अजून वसूल झालेले नाहीत, यंदा मी रिस्क घेणार नाही.
– खजिनदार

खजिनदारकाका, खुर्चीत बसून सूप होत नाही हो. माझं माहेर वाड्याचं, आमच्या मागेच बुरूडआळी होती. बांबू कोयत्याने उभा चिरायचा, मग एकेक कांब पायाच्या अंगठ्याखाली दाबून सुरीने तिची पातळ बेळं, म्हणजे पट्ट्या, काढत जायचं, आणि विणायला घेतलं की पहिल्या ओळी हलू नयेत म्हणून परत पायच लागतो. काकांच्या अंगठ्याला आतल्या बाजूने घट्टा आहे, रविवारी बघा. बेळ सुकली की वाकवताना तडकते म्हणून सारखा पाण्याचा हात लावावा लागतो, म्हणजे ओलं नको म्हटलं तर कामच बंद. टेबलावर तयार सुपं मांडून बसवायचं असेल तर ती स्टेशनबाहेरही मिळतात, त्यांना एवढ्या लांबून एसटीने ठाण्यात खोपटला कशाला उतरवायचं?
– बी विंग

वहिनी, बुरूडआळी म्हणालात आणि आईची रोवळी आठवली. तांदूळ धुवून त्यात उपसून ठेवायची, पाणी निथळेपर्यंत ओट्यावर ओला वास यायचा. स्टीलच्या चाळणीत तांदूळ निथळतात पण तसे मोकळे होत नाहीत, माझं ठाम मत आहे. काका रोवळी आणतील का? आणि माझ्या सुनेचा यंदा पहिला ओवसा आहे, गौरीसमोर प्लास्टिकचं सूप मी धरू देणार नाही, ५ सुपं माझ्या नावाने बाजूला ठेवायला सांगा प्लीज.
– सी विंग, आजी

सुपांचं होईल. दारालगतचा स्टॉल त्या कॉफी मग आणि की-चेन विकणाऱ्याला का दिलाय ते आधी सांगा. त्याची वारली मशीनवर छापलेली आहे. गंजाडचे वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांना १९७६ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार, २०११ ला पद्मश्री, २०१४ ला वारलीला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला, आणि आपण तांदळाच्या पिठाने बांबूच्या काडीने काढणाऱ्या बाईला खांबामागे बसवतोय! पालघर वेगळा झाला २०१४ ला, त्याआधी ही आपल्याच जिल्ह्यातली माणसं. हे मला पटत नाही.
– सांस्कृतिक समिती

सांस्कृतिकने नकाशात पडू नये, स्टॉलवाटप माझ्याकडे आहे. मगवाला डबल भाडं देतो म्हणून कारागिरांना स्टॉल फुकट देता येतो. तरी त्याला खांबाजवळ हलवतो, ताईंना दारात घेतो. भाडं मात्र तेवढंच घेणार.
– खजिनदार

एक शंका, वाड्याहून एवढे बांबू आणायला फॉरेस्टचा पास लागतो ना? नाक्यावर अडवलं तर?
– ए विंग

नाही लागत. २०१७ मध्ये वन कायद्यात दुरुस्ती झाली, जंगलाबाहेर वाढलेला बांबू आता झाडात धरत नाहीत. काकांचा त्यांच्या पाहुण्यांच्या बांधावरचा आहे, मी विचारलंय. मूळ मुद्द्यावर या ना, स्टेज का नाही वापरत? स्टेज लाकडी आहे, म्हणजे फरशीचा प्रश्नच नाही, पॅसेजही अडत नाही. शिवाय उंचावर बसले की पायाचं काम मागच्या मुलांनाही दिसेल, जमिनीवर बसले असते तर पुढच्या दहा जणांनाच दिसलं असतं.
– बी विंग

स्टेजवर उद्घाटन आहे. पाहुण्यांच्या खुर्च्या, दीपप्रज्वलन, सत्कार. ते कुठे करायचं?
– अध्यक्ष

अध्यक्षसाहेब, समई खाली दाराशी लावू, पाहुणे तसेही स्टॉल बघत फिरणारच आहेत. सत्कार काकांच्या बाजूला उभं राहून करू, मला तर ते जास्त चांगलं वाटतं. ७० च्या घरातला माणूस पहाटेची गाडी पकडून येतोय, त्याला मधेच उठवून खुर्च्या मांडायच्या नाहीत, एवढं माझं ऐका.
– सेक्रेटरी

ठीक आहे. भाषण मी पाच मिनिटांत आटपतो.
– अध्यक्ष

स्टेजला चालेल म्हणाले हॉलवाले, फक्त खाली जाड ताडपत्री हवी आणि बांबूच्या चोया आपण झाडून न्यायच्या. नकाशा पाठवला. ताडपत्री कोणाकडे आहे?
– सेक्रेटरी

माझ्याकडे १० बाय १२ ची आहे, गच्चीवर पावसासाठी बांधलीय. शनिवारी सोडून धुवून वाळवते. बादली पण आणते. काकांना चहा बिनसाखरेचा लागतो, कॅन्टीनवाल्याला आधीच सांगा.
– बी विंग

आणि माझी ५ सुपं??
– सी विंग, आजी