परभणीच्या उन्हाळ्यात क्रेस्टेड गेकोचे घर काचेचे करावे की जाळीचे? मदत हवी आहे

नमस्कार. माझा धाकटा भाऊ गेल्या ऑगस्टमध्ये नोकरीसाठी परदेशी गेला, तेव्हा पुण्यात तीन वर्षे सांभाळलेली क्रेस्टेड गेको (पालीची एक जात) तो आमच्याकडे परभणीला सोपवून गेला. रंगाने पिवळी म्हणून तिचे नाव हळदी. ही प्रजाती मूळची न्यू कॅलेडोनिया बेटांवरची. ती नामशेष झाली असे मानले जात होते, पण १९९४ मध्ये ती पुन्हा सापडली. नीट सांभाळ झाला तर ती पंधरा-वीस वर्षे जगते, त्यामुळे तिचे घर एकदाच पण विचारपूर्वक करावे अशी माझी इच्छा आहे. सध्या ती भोके पाडलेल्या प्लॅस्टिकच्या उभ्या डब्यात राहते आणि तो तिला अपुरा पडतो.

अडचण अशी की, मला वाचायला मिळालेली बहुतेक माहिती थंड हवेच्या देशांतल्या लोकांनी लिहिलेली आहे. दिवा कोणता लावावा, तापणारी पट्टी कुठे चिकटवावी, हे त्यात तपशीलवार सापडते. आमचा प्रश्न नेमका उलटा आहे. हळदीला २२ ते २६ अंश सेल्सियस तापमान मानवते आणि २८ अंशांच्या वर फार वेळ राहिल्यास तिच्या जिवावर बेतू शकते. परभणीत मे महिन्यात बाहेर ४२-४३ अंश ही नेहमीची गोष्ट आहे. महाशिवरात्र झाली, थंडी गेली, आणि आतापासूनच मला धास्ती वाटू लागली आहे.

धास्तीला कारणही आहे. ऑक्टोबरच्या उकाड्यात एकदा दुपारी चार तास वीज नव्हती. स्लॅबच्या खोलीत ठेवलेल्या डब्यातले तापमान ३३ अंशांवर गेले होते आणि हळदी तळाशी तोंड उघडून पडली होती. मी डबा उचलून आमच्या जुन्या माळवदाच्या खोलीत नेला, माठाशेजारी जमिनीवर ठेवला आणि ओले सुती फडके वरून टाकले. अर्ध्या तासाने तिने जीभ काढून स्वतःचा डोळा चाटला (हिला पापण्या नसतात, त्यामुळे डोळे स्वच्छ ठेवण्याची हीच रीत), तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला. या धावपळीत तिने शेपूट मात्र टाकली. आपल्या घरातल्या पालीची शेपूट पुन्हा येते, हिची येत नाही. त्या दिवसापासून तिला शक्यतो हलवावेच लागू नये, असे घर मला हवे आहे.

त्याच दुपारी दोन्ही खोल्यांत तापमापक ठेवून पाहिले तेव्हा स्लॅबखाली ३३ आणि माळवदाखाली २९ अंश भरले. पांढऱ्या मातीचा जाड थर आणि रुंद भिंती यांचा हा गुण आहे, म्हणून घर माळवदाच्याच खोलीत ठेवायचे हे ठरले आहे. तरीही मे महिन्यात तेवढ्याने भागणार नाही. तिथे एसी बसवता येईल, पण वीज गेली की आमच्या इन्व्हर्टरवर फक्त पंखा चालतो. वाळ्याचे पडदे आणि कूलर हा दुसरा मार्ग आहे. आपल्याकडची उन्हाळ्यातली हवा कोरडी असल्यामुळे कूलर चांगले काम करतो आणि ओलावाही देतो, आणि हिला रात्री ओलावा लागतोच. परंतु आत पाणी फवारल्यानंतर दिवसा तिचे घर बऱ्यापैकी सुकलेही पाहिजे, नाहीतर बुरशी धरते. कूलर दिवसभर चालला तर ते सुकणार कसे, हा माझा पहिला प्रश्न आहे.

दुसरा प्रश्न घराच्या बांधणीचा आहे आणि माझे सगळे अडले आहे ते इथेच. दीड फूट रुंद, दीड फूट खोल आणि दोन फूट उंच असे माप मी धरले आहे, कारण ही जात झाडावर राहणारी असल्याने तिला उंची लागते. पूर्ण काच घेतली तर ओलावा टिकतो, पण उष्णताही आत कोंडते. पूर्ण जाळी घेतली तर हवा खेळते, पण एप्रिलमध्ये फवारलेले पाणी घटकाभरात उडून जाईल. माझ्या मनात मधला मार्ग आहे: तीन बाजूंना काच, छताला बारीक जाळी आणि पुढच्या दाराखाली चार बोटे रुंदीची जाळीची पट्टी, म्हणजे खालून हवा आत येऊन वरून बाहेर पडेल. कोणी असे करून पाहिले आहे का? माळवदाखाली वारा कमी असतो, तेव्हा एका बाजूलाही जाळी घ्यावी का?

आतली मांडणी बहुतेक ठरली आहे. पेरूची फांदी उकळत्या पाण्याने धुऊन उन्हात वाळवली आहे. शेताच्या बांधावरची फांदी मुद्दाम घेतली नाही, कारण कपाशीवरच्या फवारणीचा अंश तिच्यावर असू शकतो. लपायला बांबूची नळकांडी, खाली कोकोपीट आणि कुंडीत मनीप्लांट असेल. आमच्या बोअरच्या पाण्याने काचेवर पांढरे डाग पडतात, म्हणून फवारणीला गाळलेले पाणी वापरते. तिच्या फळांच्या लापशीला मुंग्या लागतात आणि त्यासाठी खडू किंवा औषध वापरायचे नाही, म्हणून पूर्वी दुधाच्या फडताळाला करत तसे टेबलाचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले आहेत. हा उपाय सासूबाईंचा. सुरुवातीला घरात पाल पाळण्याची कल्पना त्यांना अजिबात रुचली नव्हती, पण आता सकाळी लापशीची वाटी रिकामी झाली की नाही हे आधी त्याच पाहतात.

आणखी एक विचारायचे आहे. वीज गेल्यावर गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून छताच्या जाळीवर ठेवल्या, तर गारवा हळूहळू खाली उतरेल की एकदम थंडी बसून तिला अपाय होईल? लातूर, नांदेड, बीड किंवा विदर्भासारख्या कडक उन्हाळ्याच्या भागात ज्यांनी हा प्राणी एक तरी मे महिना सांभाळला आहे, त्यांचा अनुभव मला सर्वात मोलाचा वाटेल.

काचेचे सांधे सिलिकॉनने जोडल्यावर त्याचा आंबट वास पूर्ण जाईपर्यंत घर रिकामे ठेवावे लागेल, म्हणून काम लवकर हाती घ्यायचे आहे. मिस्त्रींना मी येत्या सोमवारी माप देणार आहे, तेव्हा जाळी एका बाजूलाही घ्यावी की केवळ छताला आणि दाराखाली, एवढे तरी कृपया त्याआधी कळवावे.