क्लाउस फोरमानचा बेस कुठून ऐकायला सुरू करू?

लातूरचा_बेसवाला: सध्या बेस गिटार (खालच्या, जाड सुरांची गिटार) शिकायलोय, इकडं ऑर्केस्ट्रावाले बेसचं काम कीबोर्डवरच भागवतात त्यामुळं विचारायला कुणी नाही. जर्मनीच्या क्लाउस फोरमानचं नाव लई ऐकलंय, सुरुवात कुठून करू?

नांदेडकर: भाऊ, माणूस मुळात चित्रकार. १९३८ चा जन्म बर्लिनचा, पुढं हॅम्बुर्गला शिकायला गेला अन् तिथं १९६० ला एका क्लबात बीटल्स हा इंग्लंडचा बँड ऐकला, तवा त्यांना जगात कुणी ओळखत नव्हतं, तिथून दोस्ती झाली ती कायमची. १९६६ ला त्यांच्या 'रिव्हॉल्व्हर' अल्बमचं कव्हर यानंच काढलं, ग्रॅमी मिळाला, अन् त्याच वर्षी मॅनफ्रेड मॅन नावाच्या बँडमध्ये बेसवर. पण तू बीटल्समधल्या जॉन लेननचा 'इमॅजिन' अल्बम घे. हेडफोन लावून फक्त बेस ऐक, एक सूर जास्तीचा नाही, गाणाऱ्याला जागा देतो. मला तर हेच सगळ्यात अवघड वाटतं.

परभणी_तबला: अन् १९७१ चा न्यूयॉर्कचा बांगलादेशच्या मदतीचा कार्यक्रम बघच! आधी रविशंकर, अली अकबर, तबल्यावर अल्लारखाँ, मग बीटल्समधल्याच जॉर्ज हॅरिसनच्या बँडमध्ये बेसला हाच.

लातूरचा_बेसवाला: धन्यवाद दादा, आज रात्रीच 'इमॅजिन' लावतो.